पाचव्या कड्यातले सर

उचगावच्या परशराम पावशे सरांना साधा प्रश्न विचारून साधं उत्तर मिळवलेला माणूस पंचक्रोशीत अजून सापडायचा आहे. ‘सर, आज पाऊस येईल का?’ असं कुणी विचारलं, तर ते आधी ‘येईल म्हणजे कुठं?’ असं विचारतात. ‘जेवलात का?’ या प्रश्नालाही त्यांच्याकडे दोन बाजू असतात. सकाळच्या बसमध्ये नवा कंडक्टर आला आणि त्यानं ‘कुठं?’ म्हणून विचारलं, की सर चष्मा सारखा करून म्हणणार, “आता बेळगाव म्हणजे तसं बघितलं तर...” तोवर कंडक्टर तिकीट फाडून हातात कोंबतो आणि ‘मुंदक होग्री, सर’ असं कानडीत म्हणत त्यांना पुढं ढकलतो. जुने कंडक्टर विचारतच नाहीत.

अशा माणसाच्या वाट्याला शिकवायला विषय यावा तो नागरी भूगोल. शहर म्हणजे काय, या प्रश्नाला जितके विद्वान तितकी उत्तरं असलेला हा विषय. गणिताला घातलं असतं तर बिचाऱ्याचा जीव गुदमरला असता. भूगोलात मात्र तो फुलला. बेळगावातल्या एका कॉलेजात सर तीस वर्षांहून जास्त काळ शहर शिकवत आले आणि रोज संध्याकाळच्या बसनं उचगावला येऊन म्हशीला पाणी दाखवत आले.

ही म्हैस पुढं कामाला येणार आहे. तिला लक्षात ठेवा.

सरांचं लग्न ठरलं ते निपाणीत. पूर्णिमाबाई निपाणीच्या. वडील, म्हणजे तात्या, तंबाखूच्या वखारीत कारभारी, घर भर बाजारपेठेत, दारातून चोवीस तास वर्दळ. मुलगी द्यायची तर शहरातच द्यायची, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. पोहे आले, चहा आला, आणि तात्यांनी मुद्द्याला हात घातला. “पाव्हणं, ऱ्हायला शहरातच न्हवं?”

आता ‘नाही, उचगावात’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण सरांनी पोह्यांच्या बशीतली कांद्याची चकती उचलली. “हे बघा मामा. शिकागोच्या विद्वानांनी शहराचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं, की शहर असं कड्याकड्यानं वाढतं. ही मधली बोंडी म्हणजे बाजार. आपली गणपत गल्ली समजा. भोवतीच्या कड्यात जुनी घरं आणि कारखाने, गिचमीड. तिसऱ्या कड्यात कामगार. चौथ्यात बंगलेवाले. आणि हे शेवटचं, पाचवं कडं, तिथून माणसं रोज कामाला आत जातात आणि संध्याकाळी परत येतात. मी पाचव्या कड्यात राहतो.”

तात्यांनी मान डोलावली. चौथ्यात बंगलेवाले, म्हणजे पाचव्यात त्याहून मोठे असणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला. आतल्या खोलीत पडद्याआड पूर्णिमानंही तोच केला. लग्न झालं. वरात उचगावात आली. नव्या नवरीनं गाडीतून पाय खाली ठेवला तो शेणात, आणि गोठ्यातल्या म्हशीनं तिचं पहिलं स्वागत केलं.

“हे पाचवं कडं व्हय?” नवरीनं विचारलं.

“तसं बघितलं तर,” सर म्हणाले.

त्या दिवसापासून पूर्णिमाबाई नवऱ्याला ‘सर’ म्हणतात. बाहेरच्यांना त्यात आदर ऐकू येतो. घरातल्यांना खरं काय ते माहीत आहे.

पुढं सिलॅबस बदलत गेला तसं सरांचं शहरही बदलत गेलं. कड्यांचं कौतुक ओसरलं आणि पाचरींचे दिवस आले. शहर कड्याकड्यानं वाढत नसून रस्त्यांच्या कडेनं पाचरीसारखं बाहेर सरकतं, हे सरांनी गुळाच्या ढेपेवर सुरी मारून बायकोला समजावलं. खानापूर रोडची पाचर, रेल्वेलाइनची पाचर. मग कुणा विद्वानानं शोध लावला, की शहराला एक मध्यच नसतो, अनेक असतात. सरांनी त्यासाठी डाळिंब फोडलं. “बेळगावचंच बघ. कॅम्प गोऱ्यांनी वसवलेला. शहापूर एके काळी सांगली संस्थानात. वडगावचं पाणी वेगळं. सगळे वेगळे वेगळे दाणे, नंतर एका सालात आले.”

“भूगोल कळला,” पूर्णिमाबाई म्हणाल्या. “कांदा संपला, गूळ संपला, आता डाळिंब. एखादा विद्वान दुधी भोपळ्यावर शहर दाखवणारा न्हाई व्हय? तेवढा एक घरात खपत न्हाई.”

मधली काही वर्षं आकड्यांची गेली. त्या काळात सर लग्नाच्या पंगतीतही माणसांची घनता काढायचे. मग कॉलेजात जोतिराम नावाचा तरुण प्राध्यापक आला. त्याचं म्हणणं, की कडी, पाचरी, दाणे सगळं झूट आहे. जमीन कुणाच्या हातात, भाव कोण वाढवतं आणि हाकलून कुणाला दिलं जातं, एवढं विचारा, शहर आपोआप कळतं. सरांना तेही पटलं. सरांचं हेच तर दुखणं होतं. त्यांना सगळंच पटायचं.

याच ओघात सर मनातल्या नकाशांच्या नादी लागले. माणूस शहरात राहतो तो कागदावरच्या नकाशात नाही, डोक्यातल्या नकाशात, असं सांगणारे एक अभ्यासक आहेत. सरांनी वर्गात पोरांना कोरे कागद वाटले आणि न बघता बेळगाव काढायला सांगितलं. सदलग्याहून आलेल्या एका पोरानं बसस्टँड, हॉस्टेल आणि त्या दोहोंच्या मधला एक वडापावचा गाडा, एवढंच बेळगाव काढलं. सर हरखून गेले. घरी येऊन त्यांनी बायकोपुढं आणि लेकीपुढं कागद ठेवले.

पूर्णिमाबाईंनी कागदभर निपाणी काढली. वखार, बाजार, माहेरचं घर, दारातला नळ. खाली कोपऱ्यात हायवेच्या टोकाला एक ठिपका, त्यावर ‘बेळगाव’. ठिपक्याच्या बाजूला एक म्हैस.

“उचगाव कुठाय?” सरांनी विचारलं.

“ही काय,” बाईंनी म्हशीवर बोट ठेवलं.

रचनाचा नकाशा मात्र सर बराच वेळ बघत बसले. ही त्यांची एकुलती एक लेक. उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. तिच्या नकाशात उद्यमबाग होती ते ठीकच. पण तिथून एक रस्ता निघून थेट वडगावात शिरत होता, एका गल्लीत वळत होता, आणि त्या गल्लीत पिठाची गिरण, वाकडा विजेचा खांब, एका घराचा निळा दरवाजा, दारातली तुळस, इतकं सगळं होतं. तुळशीला मंजिऱ्यासुद्धा काढल्या होत्या. वडगावात पावश्यांचं कुणी नात्याचं नव्हतं.

“निळ्या दरवाजात कोण ऱ्हातंय गं?” सरांनी विचारलं.

रचना लाजली नाही. ती बापाची नव्हे, आईची लेक. “कुमार,” ती म्हणाली. “आमच्याच ऑफिसात डिझाइनला हाय. घरी माग हायत. आप्पा, मी सांगणारच होते.”

नागरी भूगोलाच्या इतक्या पद्धती सरांनी आयुष्यभर हाताळल्या, पण कामाचा निकाल दिला तो या एकीनंच.

मुलगा विणकराच्या घरचा, मुलगी शेतकऱ्याच्या, म्हणून दोन्ही घरांत काही दिवस चुली धुमसल्या, मग विझल्या. कुमार सरळ पोरगा होता. शेवटी अडलं ते पूर्णिमाबाईंपाशी. त्यांनी त्यांच्या तात्यांचीच अट काढली.

“पोरगी शहरात द्यायची. माझं झालं तसं हिचं व्हायला नगो.”

“आई, वडगाव शहरच हाय,” रचना म्हणाली. “कार्पोरेशनचा वॉर्ड हाय.”

“तुझं न्हाई विचारत. घरात शहराचं एवढं मोठं प्रोफेसर बसलंय, ते सांगू दे. पण सर, एका शब्दात. शहर, न्हाईतर खेडं. ‘तसं बघितलं तर’ म्हणालासा, तर मी ह्या लग्नाला उभी ऱ्हाणार न्हाई. कांदा बी मिळणार न्हाई.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. कड्यांच्या हिशेबानं वडगाव दुसऱ्या कड्यात बसत होतं आणि चौथ्यातही. दाण्यांच्या हिशेबानं ते स्वतःच एक गाव होतं. जोतिरामला विचारलं तर तो म्हणाला, “सर, प्रश्न शहर की खेडं हा नाहीच. सुताचा भाव कोण ठरवतं ते वहिनींना विचारा.” सरांनी तो निरोप घरी पोचवला नाही. लेक रोज सकाळी डबा देताना नुसती बघायची. पोरीचा जीव आपल्या एका शब्दात अडकलाय, हे त्यांना कळत होतं, आणि तो शब्द काही केल्या सुटा निघत नव्हता. मागून ‘पण’ यायचाच.

“आधी घर बघून येऊ,” सर शेवटी म्हणाले. “प्रत्यक्ष पाहणीशिवाय निष्कर्ष काढणं बरं नव्हे. मंगळवारी जाऊ.”

मंगळवार त्यांनी डोकं लढवून काढला होता. उचगावात त्या दिवसांत मंगळवारचा वार पाळणं चालू होतं. वार म्हणजे वार. देवीच्या नावानं त्या दिवशी गावातलं कुणी शेतात कोयता घेऊन उतरत नाही, औत धरत नाही. सरांचे भाऊ-भावजय घरातच असणार, म्हशीकडं बघायला माणसं आहेत. आणि शहर मात्र चालू असणार. पूर्णिमाबाईंना चालू शहर दाखवलं, की निम्मं काम झालं. मंगाई देवीच्या यात्रेआधी वडगावातही वार पाळतात, हे सर जाणून होते. पण वार शेतकऱ्याचा. मागवाल्याला कुठलं शेत आणि कुठलं औत? असले प्रकार शहराच्या कड्यात शिरले की आपोआप गळून पडतात, असं ते दर वर्षी वर्गात सांगत आले होते.

मंगळवारी तिघांना घेऊन रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. सर उतरता उतरता म्हणाले, “आता ऐक. मागांची खटखट अशी असते, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हा औद्योगिक...”

पूर्णिमाबाईंनी कान दिला. गल्लीत कुत्रं जांभई देत होतं, तेवढंच ऐकू आलं. एकही माग चालू नव्हता. पिठाची गिरण बंद. बायका दारात पाय पसरून गप्पा मारत होत्या.

“हितं आमच्या उचगावापेक्षा सामसूम हाय,” बाई म्हणाल्या. “कोण गेलं बिलं काय?”

निळ्या दरवाजातून कुमार बाहेर आला. त्याचा चेहरा परीक्षेला भलताच पेपर घेऊन आलेल्या पोरासारखा झाला होता. मागं त्याचे वडील महादेवअण्णा आणि आजी चंद्राबाई. रामराम झाला, पाणी झालं. मग चंद्राबाईंनी पदर सारखा केला आणि सांगून टाकलं.

“पाव्हणं, राग धरू नगासा. आज आमच्यात वार. तवा चढत न्हाई, फोडणी पडत न्हाई. माग बी बंद. तुमास्नी गरम काय वाढता यायचं न्हाई.”

“म्हंजे?” पूर्णिमाबाई उडाल्याच. “शहरात वार?”

“शहर कुठलं आलंय? देवी हितलीच न्हवं?”

“मग मंगळवारी या कशाला म्हणालासा?”

“मी सांगणार होतो,” कुमार पुटपुटला. “आजीनं गप बसवलं.”

“गप बसू नगं तर काय करू? पोरीच्या बानं, एवढ्या शिकलेल्या मास्तरानं सोता वार काढला,” चंद्राबाई म्हणाल्या. “मला वाटलं, मास्तर बघायला येत्यात, की ह्यास्नी रीतभात हाय का न्हाई.”

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि विनाकारण चष्मा पुसला. पूर्णिमाबाई त्यांच्याकडं वळल्या. “सर, आपल्या उचगावात वाराला नुसतं शेत बंद. मी घरात खुशाल भाकरी थापते. आणि तुमच्या शहरात चूल बंद! खेड्यात तवा चढतोय आणि शहरात उतरतोय, हे कितव्या कड्यात बसतंय?”

 रचनाच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

पण बाई उठल्या त्या बाहेर जायला नव्हे, आत जायला. पाहुणीनं पहिल्याच भेटीत स्वयंपाकघरात शिरावं हे रीतीत बसत नाही. पण भुकेली निपाणी रीतीला थांबत नसते. चंद्राबाई मागोमाग धावल्या. आतून डबे वाजले, विळीवर नारळ खवल्याचा आवाज आला, आणि मग दोघींचे आवाज.

“चहा चालतोय न्हवं?”

“चालतोय की. चहा न्हाई म्हटल्यावर देवी तरी कुणाच्या घरात ऱ्हाईल?”

“पोहे भिजवा. दही हाय? मिरचीचा खरडा करायला खलबत्ता द्या. फोडणी न्हाई तर न्हाई, तोंडाला चव पायजे.”

“अगं बया, ह्ये तर आमच्यातच करत्यात तसं करताय.”

“तीस वर्सं वाराच्या गावात नांदलेय मी. शेतातनं आलेली माणसं परवडली. वाराला दिवसभर घरात बसून खायाला मागणारी बापयमाणसं परवडत न्हाईत.”

“तर! आमच्यात माग बंद म्हटल्यावर सगळे आळशी चुलीपाशी येऊन बसत्यात. चुलीत जाळ न्हाई, तरी!”

आत हसणं चालू होतं आणि बाहेर सोप्यात चार माणसं शिक्षेला बसवल्यासारखी बसली होती. महादेवअण्णांनी विषय काढावा म्हणून विचारलं, “सर, तुमी काय शिकवता?” सर म्हणाले, “शहर.” अण्णांनी बंद मागांकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

दडपे पोहे आले. दही आलं, गूळ आला, केळी आली. सगळ्यांच्या हातात बशा गेल्या. पूर्णिमाबाई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, हातात ओल्या खोबऱ्याची वाटी.

“आता सगळी हायत. सर, प्रत्यक्ष पाहणी झाली. बोला. एका शब्दात. हे शहर, का खेडं?”

सरांच्या डोक्यात सगळे विद्वान एकदम बोलू लागले. ‘शहर’ म्हणणं सोपं होतं. कार्पोरेशन साक्षीला होतं, पाचरी साक्षीला होत्या, दाणे होते, जोतिरामसुद्धा नाइलाजानं आला असता. समोर रचना भुवया उंचावून नुसत्या डोळ्यांनी ‘शहर म्हणा, आप्पा’ म्हणत होती. पण उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर त्यांना पडद्याआडून डोकावणारी एक मुलगी दिसली. तिनंही हाच प्रश्न ऐकला होता आणि उत्तर म्हणून तिला कांदा मिळाला होता.

“तसं बघि...” सर म्हणाले.

बाईंनी खोबऱ्याची वाटी खाली ठेवली.

“खेडं,” सर म्हणाले.

 मागून ‘पण’ आला नाही. महादेवअण्णांच्या हातातला चमचा बशीत पडला. “अवो सर, घरपट्टी भरतोय आमी कार्पोरेशनची!”

“आप्पा!” रचना कळवळली.

आणि पूर्णिमाबाई हसल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून. “ह्येच,” त्या म्हणाल्या, “ह्योच एक शब्द आमच्या तात्यास्नी सांगायला काय झालंतं? खेड्यात नांदायचा मला तरास न्हवता, सर. शहर म्हणून खेड्यात नांदायचा तरास झाला. पाचवं कडं बघायला म्हणून मी चप्पल नवी घालून आलते. ती शेणात गेली.”

सरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “खेडं म्हणालो असतो, तर आली असतीस?”

बाईंनी वाटी उचलली. थोडं खोबरं सरांच्या पोह्यांवर घातलं, जरा जास्तच.

“व्हय,” त्या म्हणाल्या.

आता एका शब्दाच्या उत्तराची सवय नसलेला माणूस ते उत्तर मिळाल्यावर काय करणार? सरांनी पुन्हा चष्मा पुसला. या खेपेला त्याला कारण होतं.

“चंद्राबाई,” पूर्णिमाबाई वळून म्हणाल्या, “माझी पोरगी सांगून सवरून खेड्यात येतीया. वार तिला ठावा हाय, दही लावायला येतंय. यात्रा झाली, की पान-सुपारीचं बघू. आणि दिवस आमी काढणार न्हाई. तुमीच काढा.”

“ह्या घरात मंगळवार कुणी काढायचा न्हाई,” चंद्राबाई म्हणाल्या.

कुमारनं घाईघाईनं सगळ्यांना केळी वाटायला घेतली. ज्यांच्या हातात आधीच केळं होतं त्यांनाही दुसरं दिलं. महादेवअण्णा अजून खेड्याच्या शिक्क्यानं थोडे रुसलेलेच होते. ते सरांना म्हणाले, “व्हय सर, पण कार्पोरेशनचं नळाचं पाणी येतंय. एक दिवसाआड का असंना. त्याचं काय?”

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी बशीतली कांद्याची चकती उचलली. “चांगला प्रश्न. आता खेडं म्हणजे काय, हे आपण आधी...”

“रचना,” आतून चंद्राबाईंचा आवाज आला. नातसुनेला दिलेला तो त्यांचा पहिला हुकूम होता. “तुझ्या आप्पांच्या तोंडात केळं दे बघू.”